बेचाळिसावा नग

आमच्या विभागात तिला सगळे थांबाताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. कुणी घाईघाईने येऊन ट्रे उचलायला हात पुढे केला की ती तळहात आडवा धरायची आणि म्हणायची, "थांबा." मग समोर कोणीही असो. एकदा ज्यांच्यासमोर अख्खं हॉस्पिटल दबून असायचं असे मोठे सर्जन स्वतः खाली उतरून आले, तर त्यांनाही तिने थांबवलं. आणि ते थांबले! ताईचं मोजून होईपर्यंत भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचत उभे राहिले बिचारे.

आमचा विभाग तळघरात. वर शस्त्रक्रिया होतात आणि वापरलेली हत्यारं एका खिडकीतून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना हत्यारंच म्हणतो. ती धुवायची, वाळवायची, टेबलावर मांडायची, यादीप्रमाणे ट्रेमध्ये भरायची, दोन कापडांत गुंडाळायची आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायची. वर लावलेल्या चिकटपट्टीवर फिकट रेघा असतात. वाफ नीट लागली की त्या काळ्या होतात. रेघ काळी झाली म्हणजे जंतू मेले. पण आतले नग यादीप्रमाणे आहेत की नाहीत, हे जगातली कुठलीही पट्टी सांगत नाही. ते माणसानेच बघावं लागतं.

मी या विभागाचा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर वरून ओरडा आला की झेलायचा आणि खाली सारखा वाटून टाकायचा. त्याआधी मी औषधांच्या गोदामात होतो. मला खोकी कळत होती, हत्यारं नाहीत. पण माणसं थोडीफार कळतात असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात मी हिशेब करून टाकला, की या तळघरात बारा जण काम करतात, त्यातले अकरा जण घड्याळाकडे बघतात आणि बारावी ट्रेकडे बघते.

ताईची पद्धत ठरलेली. टेबलावर एका वेळी एकच सेट. प्रत्येक नगाला बोट लावायचं, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायचा, यादी संपली की उलट्या बाजूने पुन्हा सुरुवात करायची. दुसऱ्यांचे पाच ट्रे व्हायचे तेव्हा हिचे तीन. कधीकधी मला तिचा असा वैताग यायचा की विचारू नका. वरून फोनवर फोन येताहेत, माणूस ट्रॉली घेऊन ताटकळतोय, आणि ही आपली अठ्ठावीस, एकोणतीस करत बसलीय.

घरीही तेच. तिच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा तिने आम्हा चौघांना घरी जेवायला बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीत कपडे वाळत घातलेले, तेही टोकाला टोक जुळवून. नवरा शाळेची बस चालवायचा. फार मिश्कील माणूस. तो म्हणाला, "माझ्या गाडीत चाळीस पोरं असतात, तरी मी सातला निघतो. ही एकटी असते, तरी हिला घरातून निघायला वीस मिनिटं लागतात. गॅस बघायचा, नळ बघायचा, कुलूप ओढायचं. जिना उतरायचा, परत चढायचा, परत कुलूप ओढायचं."

"आई, एक दिवस ते कुलूपच हातात येईल तुझ्या," मुलगी म्हणाली. ताई हसली. जेवणं झाल्यावर आम्हाला सोडायला आमच्यामागून निघाली, तेव्हा मी जिन्यातून मुद्दाम मागे वळून बघितलं. कुलूप ओढून बघत होती. घरात दोन माणसं बसलेली असताना!

तर असं सगळं ठीक चाललेलं. मग वरच्या कार्यालयात एक नवीन अधिकारी आल्या. कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवणं हे त्यांचं काम. आम्ही लगेच त्यांचं नाव प्रेरणाबाई ठेवलं. बाई वाईट नव्हत्या. उलट फार चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसाला अडवता येत नाही हीच तर पंचाईत असते. त्यांनी सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला. 'तुम्हाला काम करायला कशामुळे बळ मिळतं?' खाली पाच चौकोन: पगार, कौतुक, बढती, सहकारी, इतर. बहुतेकांनी पगारावर खूण केली. एकाने पाचही चौकोनांत केली, उगाच कुणाचं मन दुखवायला नको म्हणून. थांबाताईने फॉर्म तीन दिवस पर्समध्ये ठेवला, आणि चौथ्या दिवशी 'इतर'च्या पुढे एकच शब्द लिहून दिला. भीती.

दोन दिवसांनी मला वर बोलावणं आलं.

"तुमच्या विभागात माणसं भीतीखाली काम करतात?" प्रेरणाबाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्या शब्दाभोवती लाल गोल होता.

"छे हो मॅडम. कुणीही नाही."

"अठरा वर्षं नोकरी झालेली बाई असं लिहिते, आणि तुम्ही छे म्हणता?"

माझ्या बढतीची फाईल त्याच टेबलावर, त्याच बाईंच्या कोपराखाली होती. मला काम करायला कशामुळे बळ मिळतं हे मला कुणी विचारलं असतं, तर त्या फाईलकडे बोट दाखवायलाही मी लाजलो नसतो.

खाली आलो तो थेट ताईच्या टेबलाशी. तिचं मोजून होईपर्यंत थांबलो, आणि विचारलं, "ताई, तुम्हाला कुणाची भीती वाटते? माझी?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिला हसूच फुटलं. "तुमची? अहो सर, तुम्हाला तो चहावालासुद्धा घाबरत नाही."

"मग कशाची?"

"मोजायचं राहील याची."

"आणि समजा राहिलं, तर कोण काय करणार आहे तुम्हाला?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं ते," आणि पुढची यादी ओढून घेतली.

मला वाटलं, कळलं. बाईला बोलणी खाण्याची भीती आहे, चौकशीची आहे, नोकरीची आहे. दुसरी कसली असणार? मला स्वतःला तेवढ्याच भीती माहीत होत्या. मी तसं वर जाऊन सांगितलं. प्रेरणाबाईंचा चेहरा उजळला, कारण या दुखण्यावर त्यांच्याकडे औषध तयार होतं.

औषध असं: पुढच्या महिन्यापासून प्रत्येक यादीवर दोन सह्या. एक भरणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. चूक झाली तर एकट्यावर येणार नाही. आणि दारावर पाटी, 'इथे चुकीबद्दल कुणालाही दोष दिला जात नाही.' ताईचे ट्रे तपासायचं काम मी स्वतःकडे घेतलं. तिच्याजवळ जाऊन मोठ्या थाटात म्हणालो, "ताई, आता तुमच्या एकटीवर नाही. तुमच्या मागे मी आहे."

"तुम्ही खरंच मोजणार?"

"म्हणजे काय!"

तिने तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं. अठरा वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नसावं.

पहिला आठवडा मी खरोखर मोजलं. एकेक नग. सगळं बिनचूक. दुसऱ्या आठवड्यात मी मधले मधले ट्रे मोजले. बिनचूक. तिसऱ्या आठवड्यात मला माझंच हसू येऊ लागलं. ही बाई दोन बाजूंनी मोजते, आणि मी, कालपर्यंत खोकी मोजणारा माणूस, तिच्या मागे मोजतोय. हा शुद्ध वेडेपणा! तिची सही दिसली की मी माझी करू लागलो.

आणि ताई बदलली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ती जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याच्या नकला करायला लागली. नवीन चपला घेतल्या. "काल मी सलग सात तास झोपले," असं तिने आम्हाला बातमी दिल्यासारखं सांगितलं. नवरा एकदा फाटकाशी भेटला तर म्हणाला, "साहेब, काय केलंत तुम्ही? बाई पाच मिनिटांत घराबाहेर!" ताईचे तीन ट्रे व्हायचे तिथे पाच व्हायला लागले. टेबलावर एकाच वेळी दोन-दोन, चार-चार सेट दिसायला लागले. प्रेरणाबाई खाली येऊन तिचा फोटो काढून गेल्या. मला शाबासकीचं पत्र आलं आणि मी ते घरी फ्रिजवर लावलं.

आज मला स्वच्छ दिसतं की काय झालं होतं. ताईला वाटायचं मागे सर आहेत. मला वाटायचं पुढे ताई आहे. दोघांच्या मधून ट्रे वर जात होता, आणि त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

मंगळवार होता. सकाळचे पावणेबारा झाले असतील. मी टेबलावरचा फोन उचलला. शस्त्रक्रियेच्या खोलीतली मोठी सिस्टर होती. तिचा आवाज नेहमी खणखणीत, आज बारीक लागला होता.

"पोटाचा मोठा सेट, हिरवी पट्टी. तुमच्याकडून बेचाळीस नग आले होते?"

"यादीवर बेचाळीस आहेत," मी म्हणालो.

"यादी माझ्या पण हातात आहे. तुम्ही मोजले होते का?"

सिस्टर भराभर बोलत होती. अपघाताचा पेशंट. पोटात रक्त साचत होतं, सुरुवातीला मोजायला उसंत नव्हती. दोन सह्या बघितल्या आणि तिने यादी ग्राह्य धरली. आता पोट बंद करायची वेळ आली, मोजलं तर एक्केचाळीस. तीनदा मोजलं, तीनदा एक्केचाळीस. एक आर्टरी कमी आहे. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी धरून ठेवायचा कात्रीसारखा चिमटा, तळहाताएवढा. एक्स-रे काढायचं फिरतं मशीन दुसऱ्या इमारतीत होतं, यायला वीस मिनिटं तरी लागणार होती. "सर टाके घालायचे थांबलेत," सिस्टर म्हणाली. "पेशंटचं प्रेशर उतरतंय. लवकर सांगा. नग तुमच्याकडे राहिलाय, की आत पोटात आहे?"

मी वळून बघितलं. ताई माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. काय झालंय हे तिला सांगावं लागलं नाही.

"हिरवा सेट?" तिने विचारलं. मी मान हलवली.

हातातलं कापड खाली टाकून ती आली आणि माझ्या हातातून फोन घेतला. "सिस्टर, मी काल मोजलं नाही. फक्त नजर टाकली. नग इथे असेल असं धरून चालू नका, पोट बंद करू नका. मी शोधते. फोन ठेवू नका."

तिने तो टेबलावर तसाच उलटा ठेवला. त्यातून वरच्या खोलीतलं ते यंत्र ऐकू येत होतं. टिंग. टिंग. टिंग. माणूस जिवंत आहे तोवर वाजणारं. मी तिथे अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस खुळ्यासारखा उभा होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, थांबू नको बाबा, वाजत राहा.

आम्ही सगळे कामाला लागलो. धुण्याच्या टाकीची जाळी काढली. वाळवायची फळी हलवली. मशीनची टोपली उलटी केली. धुवायला जाणाऱ्या कपड्यांच्या पिशव्या जमिनीवर ओतल्या. काही नाही. मी टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत होतो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या घडीला मला कुणाची काळजी होती हे खरं खरं सांगायचं तर आधी स्वतःची, मग त्या पेशंटची. फार अंतर नव्हतं, पण क्रम हाच होता.

ताई मधोमध डोळे मिटून उभी होती. मग डोळे उघडून म्हणाली, "काल टेबलावर पाच-सहा सेट एकदम होते. दुसऱ्यात गेला."

फडताळात कालचे सतरा ट्रे होते. गुंडाळलेले, वाफेतून निघालेले, पट्टीवरच्या रेघा काळ्याभोर झालेल्या. एकदा उघडला की ट्रे बाद, पुन्हा पहिल्यापासून सगळं. दुपारच्या पाच आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या सगळ्या शस्त्रक्रिया त्या सतरा ट्रेंवर होत्या.

तिने पहिला ट्रे ओढला आणि पट्टी टरकन फाडली.

"ताई, अहो दुपारचे आहेत ते! वर विचारून तरी..."

"विचारा तुम्ही," ती म्हणाली आणि दुसरा फाडला.

प्रत्येक सेटच्या हत्यारांना आम्ही रंगीत पट्टी लावतो, त्यामुळे हिरवं काही असतं तर लगेच दिसलं असतं. तिसऱ्यात नाही. चौथ्यात नाही. कापडं जमिनीवर पडत होती. सातवा. आठवा. फोनमधून कुणाचा तरी, बहुधा सर्जनचा, ओरडण्याचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. ताई थांबली नाही. दहावा. मला वाटलं, म्हणजे आतच आहे. पोटातच आहे. मी भिंतीला टेकलो.

अकरावा ट्रे पिवळ्या पट्टीचा होता. सगळ्या पिवळ्यांत खाली, कडेला, एक हिरवी.

ती फोनवर जवळजवळ किंचाळली. "सिस्टर! हिरवी पट्टी! माझ्या हातात आहे. हातात आहे माझ्या!"

पलीकडे क्षणभर फक्त टिंग टिंग. मग सिस्टर दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "सापडली, सर. बंद करा." आणि फोन बंद झाला.

माझा जीव भांड्यात पडला. बाकीचे एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. त्या पिवळ्या सेटची यादी तिथेच पडली होती. सव्वीस नग म्हणून लिहिलेले, ट्रेमध्ये सत्तावीस, आणि खाली दोन सह्या. एक तिची, एक माझी. मी ती यादी उचलून घडी घातली, का घातली कोण जाणे.

कुणीतरी चहा आणून दिला. ताईने कप घेतला. ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. मी विचारलं नव्हतं.

"पोरीचं अपेंडिक्स काढलं ना, इथेच, ती अकरा वर्षांची होती. तो ट्रे आदल्या दिवशी मीच भरलेला. मी बाहेर बाकावर बसले आणि मला आठवेचना, शेवटचं मोजलं की नाही. तास-सव्वा तास आठवत बसले. कुणाला सांगू? आत जाऊन थांबा म्हणू? काही झालं नाही. सगळं बरोबर होतं. पण तो तास काही गेला नाही, सर. रोज प्रत्येक ट्रे भरताना कुणीतरी बाहेर बाकावर बसलेलं असतं. आत झोपवलेल्या माणसाला तर स्वतःचं काही मोजताच येत नाही." तिने चहा न पिताच कप खाली ठेवला. "तुम्ही म्हणालात मी आहे. मला इतकं बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी सोडूनच दिलं."

त्या दिवशी मला कळलं, की बाई मला, वरिष्ठांना, नोकरी जाण्याला कधी घाबरलीच नव्हती. आणि मी तिच्या नसलेल्या दुखण्याला औषध देऊन असलेलं बळ काढून घेतलं होतं.

तो पेशंट वाचला. वॉर्डात नऊ दिवस होता. ताई रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन दाराशी उभी राहायची. त्याला वाटलं ही स्वयंपाकघरातून येते. त्याने तिच्याकडे रोज सूप अळणी असल्याची तक्रार केली, आणि तिने रोज "सांगते हं" म्हणून ऐकून घेतली.

पाचव्या दिवशी समिती बसली. तिघं जण, त्यात प्रेरणाबाई. आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. ताईला विचारलं तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी मोजलं नव्हतं. नजर टाकली आणि सही केली."

"कारण?"

"कारण काही नाही. मोजायला हवं होतं."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? तपासणाऱ्याची सही तुमची आहे."

ट्रेला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ताई तिथेच होती, तिने बघितलं होतं. मी म्हणालो, "मोजताना माझ्याकडून चूक झाली असावी." वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की हे काही धडधडीत खोटं नाही. धडधडीतच होतं. ताई खिडकीच्या कडीकडे बघत होती.

अहवाल आला. एकाने मोजलं पण चुकलं, दुसरीने मोजलंच नाही. दोष कुणालाच दिलेला नव्हता, पाटीच तशी होती. फक्त ताईची जागा बदलली, तळघराच्या दुसऱ्या टोकाला, चादरी आणि गाऊनच्या विभागात. 'ही शिक्षा समजू नये,' असं खाली छापलं होतं. मला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं.

ती डबा, पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर पिशवीत भरत होती, तेव्हा मी जवळ गेलो. "ताई, तुम्ही तिथे सांगितलं का नाही? मी मोजलं नव्हतं ते तुम्हाला माहीत होतं."

"माझं मी सांगितलं," ती म्हणाली. "तुमचं मी कशाला सांगू?"

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो.

पुढचे अकरा दिवस माझे कसे गेले ते मला विचारू नका. तिच्या टेबलावर मीच बसायला लागलो, दुसऱ्या कुणाला बसवायची हिंमत होईना. टेबलावर एकच सेट. प्रत्येक नगाला बोट. घरी जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही घास मोजताय का?" मी मोजत होतो. शाबासकीचं पत्र फ्रिजवरून काढून टाकलं, तर तिथला चौकोन बाकीच्या फ्रिजपेक्षा पांढरा निघाला. बाराव्या दिवशी मी वर गेलो आणि लिहून दिलं, की मी त्या ट्रेला हात लावला नव्हता, आणि समितीपुढे खोटं बोललो.

प्रेरणाबाई गोंधळल्या. "पण आपलं धोरण दोष न देण्याचं आहे."

"तुम्ही देऊ नका, मॅडम. मीच घेतोय."

बढतीची फाईल कपाटात गेली. कपाट बंद होताना मी बघितलं, आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. पण ताईला सोमवारपासून परत आणायचा आदेश निघाला. तो कागद घेऊन मी जवळजवळ पळतच तळघराच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

ती चादरींच्या घड्या घालत होती. मी कागद पुढे केला. तिने हात पुसून वाचला, उलटून मागची बाजूही बघितली आणि मला परत दिला.

"तिकडे आता मोजतं कोण?"

"मी. सगळे ट्रे."

"जमतं?"

"वेळ लागतो. वरून शिव्या येतात."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर काय?"

"आठवतं का?"

मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "जेवताना आठवतं. पहाटे जाग येते. काल अर्ध्या वाटेतून परत आलो, एक ट्रे फाडून बघितला. बरोबर होता." मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

तिने दुसरी चादर उचलली, तिची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि स्वतः दोन धरली. आम्ही मिळून तिची घडी घातली.

"मग मी नाही येत," ती म्हणाली.

"अहो ताई, असं काय करता? आदेश निघालाय. जागा तुमची आहे."

"अठरा वर्षं केलं मी. इथे एखादी चादर कमी गेली तर माणूस कुडकुडतो, मरत नाही. मला झोप लागते इथे." घडी गठ्ठ्यावर ठेवून तिने हाताने सारखी केली. "आणि तिकडे आता घाबरणारं माणूस आहे ना."